उणे १०.४ चा अर्थ काय? भिरंडातलं गार्सिनॉल आणि कायनेजचा फोटो

साखळीची एक मुलगी गोवा विद्यापीठात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. तिने विचारलेलं थोडक्यात असं: "काका, प्रकल्पासाठी मी भिरंडाच्या (कोकमाच्या) सालीतलं गार्सिनॉल ईजीएफआर कायनेजमध्ये डॉक केलं. पीडीबीतली १एम१७ ही फाईल घेतली. गार्सिनॉलचा स्कोअर उणे १०.४ आला आणि एर्लोटिनिबचा उणे ७.६. म्हणजे आपलं भिरंड सरस ना? गाईड म्हणतात, पेपर लिहू या. पण मला एक कळत नाही. प्रथिनाची स्फटिकरचना समोर असताना कंपन्यांना औषध करायला दहा-बारा वर्षं का लागतात? कुलूप दिसतंय, मग किल्ली घासायला एवढा वेळ?"

वाचणाऱ्यांसाठी आधी दोन शब्द: डॉक करणं म्हणजे रेणू प्रथिनात कसा आणि किती घट्ट बसेल याचा संगणकाने काढलेला अंदाज, स्कोअर जितका उणे तितका रेणू घट्ट. ईजीएफआर हे पेशीला वाढीचा निरोप देणारं कायनेज, एर्लोटिनिब हे त्याला अडवणारं औषध, आणि पीडीबी म्हणजे प्रथिनांच्या रचनांचा जाहीर साठा.

बाय, पेपर इतक्यात नको. आधी तुझे दोन आकडे बघू, अर्धं उत्तर त्यांतच आहे.

हे आकडे किलोकॅलरी प्रति मोलमधले, म्हणजे बंधनऊर्जेचा प्रोग्रामने बांधलेला अंदाज. तो शब्दशः घेतला तर एर्लोटिनिबच्या उणे ७.६ चा अर्थ निघतो, साधारण २.७ मायक्रोमोलर औषध घातल्यावर निम्मं ईजीएफआर अडतं. प्रयोगशाळेत प्रत्यक्ष मोजलेला आकडा आहे २ नॅनोमोलरच्या आसपास (नॅनो म्हणजे मायक्रोचा हजारावा भाग). म्हणजे ज्या रेणूबद्दल सगळं ठाऊक आहे, ज्याची गोळी २००४ पासून फुप्फुसाच्या कर्करोगावर दिली जाते, त्याच्याच बाबतीत तुझा प्रोग्राम हजारपटीने चुकला आहे. ज्याला शेजारच्या घराचा पत्ता सांगता येत नाही, त्याने पेडण्यातल्या घराचा सांगितला तर आपण तो धरून बस पकडणार का?

आता दुसरं. गार्सिनॉलमध्ये हायड्रोजन सोडून ४४ अणू आहेत, एर्लोटिनिबमध्ये २९. डॉकिंगचे गुण बहुतांशी स्पर्शाचे असतात. जितके अणू भिंतीला टेकतील तितके गुण. रेणू मोठा आणि तेलकट असला की स्कोअर आपोआप फुगतो. तुझेच आकडे अणूंनी भागून बघ. गार्सिनॉलला दर अणूमागे ०.२४ पडतात आणि एर्लोटिनिबला ०.२६. तुझ्याच कागदावर भिरंड हरलं. हे भागणं माझं नाही, औषधरसायनाच्या धंद्यात रोजचं आहे. लहान रेणू घट्ट बसत असेल तर त्याला वाढवायला जागा असते. मोठा रेणू जेमतेम बसत असेल तर पुढे करायचं काय?

तरी तुझा मूळ प्रश्न चांगला आहे, कारण त्यात ते कुलूप-किल्लीचं चित्र आहे. मी पंचवीसेक वर्षं या कामात घालवली, आधी संश्लेषणात आणि नंतर स्फटिकांत. सगळ्यात जास्त पैसे आणि वेळ मी त्या चित्रापायी वाया जाताना पाहिले आहेत.

कायनेज काय करतं हे तुला माहीत आहे, म्हणून पटकन सांगतो. एटीपी या पेशीच्या ऊर्जारेणूतला शेवटचा फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रथिनाच्या सेरिन, थ्रिओनिन किंवा टायरोसिन या अमिनो आम्लांवर चिकटवतं. तेवढ्याने पेशीला निरोप जातो: वाढ, एकाची दोन हो, थांब. माणसात अशी ५१८ कायनेजं मोजली गेली आहेत. त्यांतलं एखादं बिघडून सतत 'वाढ, वाढ' करत राहिलं की कर्करोगाला इंधन मिळतं. पहिल्या प्रोटीन कायनेजची त्रिमित रचना १९९१ मध्ये सुझन टेलर यांच्या प्रयोगशाळेतून आली. तेव्हापासून सगळ्यांना ओळखीचं झालेलं रूप असं: वरचा छोटा खंड, खालचा मोठा खंड, दोघांना जोडणारा बिजागरीसारखा पट्टा, आणि दोन खंडांच्या फटीत एटीपीची जागा. पट्ट्याला आम्ही हिंजच म्हणतो. एटीपीचा ॲडेनिन भाग हिंजला हायड्रोजन बंधांनी धरतो, आणि बहुतेक औषधंही तिथेच हात घालतात. फटीच्या आतल्या बाजूला एक अमिनो आम्ल राखण बसल्यासारखं असतं. ते गेटकीपर. ते थ्रिओनिनसारखं लहान असेल तर मागच्या खोलीत शिरता येतं, आडदांड असेल तर नाही. त्याच्याही पलीकडे अॅस्पार्टेट, फेनिलॲलनिन आणि ग्लायसिन हे डीएफजी नावाचं त्रिकूट आणि वर सी-हेलिक्स, म्हणजे साखळीचा मळसूत्रासारखा वळलेला तुकडा. ही दोन्ही हलतात. हे हलणं लक्षात ठेव, पुढचं सगळं त्यावर आहे.

तुझ्या फाईलकडे परत येतो. १एम१७ ही २००२ ची, ईजीएफआर आणि एर्लोटिनिब एकत्र असलेली, रेझोल्यूशन २.६ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग). कार्बन-कार्बन बंध १.५४ अँगस्ट्रॉमचा असतो, तेव्हा २.६ म्हणजे काय दिसत असेल याचा अंदाज कर. सुटे अणू दिसत नाहीत. दिसतात ते इलेक्ट्रॉन घनतेचे लांबट ढग. त्या ढगांत साखळी बसवतो माणूस. हायड्रोजन तर दिसतच नाहीत. अॅस्पॅराजिन या अमिनो आम्लाच्या टोकाशी ऑक्सिजन कोणता आणि नायट्रोजन कोणता, हे ढग सांगत नाही. शेजाऱ्यांकडे बघून ठरवावं लागतं, आणि कधीकधी ते उलटं ठरवलेलं असतं. तू डाउनलोड केलीस ती फाईल मोजमाप नव्हे, मोजमापावरून कोणीतरी विचारपूर्वक काढलेला निष्कर्ष आहे. मोजमाप म्हणजे तो नकाशा, आणि तो वेगळा मागवून उघडावा लागतो. तू उघडला नसणार. कोणी शिकवतच नाही.

याच फाईलमध्ये अजून दोन खड्डे आहेत, आणि दोन्हींत मी स्वतः पडलो आहे. एक म्हणजे क्रमांकांचा. ईजीएफआरचं गेटकीपर थ्रिओनिन तू लेखांत ७९० म्हणून वाचलं असशील. १एम१७ मध्ये ते ७६६ आहे. प्रथिनाच्या सुरुवातीला २४ अमिनो आम्लांचा एक तुकडा असतो, जो नंतर कापला जातो. तो मोजायचा की नाही याच्या दोन रीती आहेत. ७९० शोधून त्याच्याभोवती डॉकिंगची पेटी आखली असशील, तर ती भलत्याच ठिकाणी आहे. दुसरा खड्डा पाण्याचा. डॉकिंगआधी तू पाणी काढून टाकलंस ना? सगळेच काढतात. पण या रचनेच्या मूळ पेपरात लिहिलं आहे की एर्लोटिनिबच्या मधल्या सांगाड्यातला, क्विनाझोलिनमधला, एक नायट्रोजन हिंजवरच्या मेथिओनिनला थेट धरतो. दुसरा नायट्रोजन गेटकीपर थ्रिओनिनपासून चार अँगस्ट्रॉमच्या जरा पलीकडे राहतो, आणि मधली दरी पाण्याचा एक रेणू सांधतो. म्हणजे औषधाचा एक हात पाण्याच्या हातात आहे. ते पाणी काढलंस आणि मग एर्लोटिनिबला कमी गुण दिलेस.

आता हलण्याबद्दल. दिवाडीकडे किंवा चोडणला गेली असशील तर खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या, बांधातली मानस पाहिली असशील. लाकडी दार अशा बेताने टांगलेलं असतं की भरतीचं पाणी त्याला ढकलून बंद करतं, आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने ते आपण होऊन उघडतं. कोणी बटण दाबत नाही. आता समज, कोणी परदेशी पाहुणा भरतीच्या वेळी आला, एक फोटो काढून गेला आणि त्यावरून म्हणाला, 'ही भिंत आहे'. त्याचा फोटो खोटा नाही. पण तो भरतीचा आहे.

स्फटिक म्हणजे असा एका वेळचा फोटो. त्यात कोट्यवधी रेणू एकाच पवित्र्यात शिस्तीने रचलेले असतात. कायनेज मुळात हलतं दार आहे, कधी चालू, कधी बंद, मधेही चार अवस्था. ज्या पवित्र्यात ते एकमेकांशेजारी नीट रचलं जातं, त्याचा फोटो निघतो. पेशीत ते त्याच पवित्र्यात जास्त वेळ असतं असं अजिबात नाही.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण इमॅटिनिब. रक्ताच्या एका कर्करोगात, सीएमएलमध्ये, ९ आणि २२ या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात, आणि बीसीआर-ॲब्ल नावाचं कायनेज (त्यातला कायनेजचा भाग म्हणजे ॲब्ल) कायमचं चालू राहतं. बाझेलमध्ये सिबा-गायगीच्या रसायनज्ञांनी (हो, ज्यांचा सांता मोनिका कारखाना आपल्या खोर्लीत होता तीच कंपनी) दुसऱ्याच एका कायनेजच्या शोधात सापडलेल्या रेणूवरून हे औषध घडवलं. एक मिथिल लावला, तर नको असलेलं कायनेज सुटलं. पाण्यात विरघळावं म्हणून शेपटाला पिपराझिन जोडलं. ब्रायन ड्रकर यांनी ओरेगनमध्ये रुग्णांवर त्याचा अभ्यास केला, आणि मे २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. गंमत अशी की ॲब्ल आणि या औषधाच्या अगदी जवळच्या भावंड-रेणूच्या जोडीची रचना जॉन कुरियन यांच्या गटाने छापली २००० मध्ये, म्हणजे रेणू केव्हाचा तयार होऊन माणसांत गेल्यावर. आणि ती पाहून सगळे चकित झाले. औषध चालू ॲब्लमध्ये बसलंच नव्हतं. डीएफजी बाहेर फिरलेलं, दार बंद, आणि त्या बंद अवस्थेतच उघडणाऱ्या खोलीत ते आरामात पाय पसरून बसलं होतं. दोन वर्षांनी खुद्द इमॅटिनिबची रचना आली, तर विरघळण्यासाठी लावलेलं ते पिपराझिनसुद्धा आत दोन हायड्रोजन बंध धरून होतं. ते कोणी ठरवून केलेलं नव्हतं.

म्हणजे 'रचना बघून औषध' ही गोष्ट ज्या औषधाच्या नावाने सांगतात, त्यात औषध आधी आणि रचना नंतर. पण म्हणून रचना फुकट गेली नाही. त्या एका फोटोने एवढी मोठी खोली दाखवली की पुढची वीस वर्षं लोक तिच्यात काम करत होते. रुग्णांत प्रतिकार दिसू लागला, तेव्हा ३१५ व्या जागेवरचं गेटकीपर थ्रिओनिन आयसोल्युसिन झालेलं आढळलं. इमॅटिनिब त्या थ्रिओनिनला हायड्रोजन बंधाने धरतं. बंध गेला आणि वर आयसोल्युसिनचा फुगवटा वाटेत आला. पुढे पोनॅटिनिब हे नवं औषध घडवताना तिथून जाण्यासाठी कार्बनचा तिहेरी बंध वापरला. तो सुईसारखा सरळ आणि बारीक, फुगवट्याला घासून निघून जातो. त्याला २०१२ मध्ये मान्यता मिळाली. हे मात्र खरोखर रचना समोर ठेवून केलेलं काम, आणि मला विचारशील तर फार देखणं.

इथे एक गोष्ट सांगतो, जी माझ्या मते प्रत्येक डॉकिंगवाल्याच्या भिंतीवर हवी. सार्क नावाचं कायनेज ॲब्लचं जवळचं नातेवाईक आहे. औषधाच्या खोलीतली अमिनो आम्लं जवळपास तीच. तरी इमॅटिनिब सार्कला हजारपटीहून कमी घट्ट धरतं. २००७ मध्ये सार्क-इमॅटिनिबची रचना आली, तर पवित्रा तोच! फोटो शेजारी ठेवलेस तर जुळी भावंडं, आणि बंधनात हजारपट फरक. पुढे डोरोथी केर्न यांच्या गटाने दाखवलं की औषध आत गेल्यानंतर प्रथिन त्याच्याभोवती मिटतं, आणि ते मिटणं ॲब्लमध्ये जसं पक्कं असतं तसं सार्कमध्ये नसतं. हे फोटोत कुठून दिसणार?

तुझ्या ईजीएफआरमध्येही हेच आहे, आणि ते तू स्वतः करून बघू शकतेस. लॅपॅटिनिब हे ईजीएफआर आणि त्याचं भावंड एचईआर-२ दोन्ही अडवणारं औषध, स्तनाच्या कर्करोगावर २००७ पासून वापरात. त्याची ईजीएफआरबरोबरची रचना १एक्सकेके, २००४ ची. तिच्यात सी-हेलिक्स बाहेर सरकलेली आहे आणि मागे एक खोली उघडली आहे. लॅपॅटिनिबचं फ्लोरोबेन्झिल शेपूट तिथे जातं. एर्लोटिनिबवाल्या १एम१७ मध्ये ती खोलीच नाही. आता लॅपॅटिनिब तुझ्या १एम१७ मध्ये डॉक कर. नीट बसणार नाही. म्हणजे तुझ्या पद्धतीने एक मान्यताप्राप्त, नॅनोमोलर ताकदीचं औषध नापास होतं. मग तिच्यात जे पास झालं, त्याचं काय?

चित्र बघून सुचलेली गोष्ट फार खरी वाटते. तिचा धोका तोच. ईजीएफआरमध्ये ७९० चं थ्रिओनिन मेथिओनिन झालं की एर्लोटिनिब आणि त्याच्याच जातीचं गेफिटिनिब ही औषधं चालेनाशी होतात. चित्र बघून सगळे म्हणाले, उघड आहे, मेथिओनिन जाडजूड, वाट अडवतं. मीही विद्यार्थ्यांना तसंच सांगायचो. २००८ मध्ये मायकेल एक यांच्या गटाने मोजून दाखवलं की बदललेलं कायनेज गेफिटिनिबला अजूनही चांगलं घट्ट धरतं. फरक दुसरीकडेच होता. एटीपी आता आधीपेक्षा कितीतरी घट्ट बसत होता, आणि पेशीत एटीपीचा सुकाळ. औषध खुर्चीपर्यंत पोचत होतं, पण खुर्ची रिकामी नव्हती. निदान बदललं तसा उपायही बदलला. वाट रुंद करायच्या मागे लागण्यापेक्षा एटीपीशी स्पर्धाच संपवायची, म्हणजे ७९७ व्या सिस्टिनशी कायमचा सहसंयुज बंध करायचा. ओसिमर्टिनिब या औषधाने ते साधलं, आणि निरोगी ईजीएफआरला बऱ्यापैकी सोडून बदललेल्यालाच गाठलं. मान्यता नोव्हेंबर २०१५. नंतर तेच सिस्टिन सेरिन झालेले रुग्ण आले, आणि शर्यत पुन्हा सुरू.

मग स्फटिकांचा उपयोग काय, असं तू विचारशील. उपयोग प्रचंड आहे, फक्त तू समजतेस त्या जागी नाही. रचना बघून एका बैठकीत औषध कागदावर उतरत नाही. काम फेऱ्यांनी चालतं. एक रेणू बनवायचा, एन्झाइमवर मोजायचा, स्फटिकात भिजवायचा, रचना सोडवायची, आपण समजलो होतो तसा तो बसला आहे का ते बघायचं. आणि बहुधा तो तसा बसलेला नसतो. माझ्या अनुभवात सगळ्यात कामाच्या रचना त्या, ज्यांत रेणू आमच्या चित्राच्या उलटा बसला होता. एकदा एका बाजूला क्लोरीन लावला, ताकद वाढली, म्हणून त्याच बाजूला अजून सहा रेणू बनवले आणि सहाही पडले. रचना आली तेव्हा कळलं, क्लोरीन लागताच रेणू १८० अंशांत फिरला होता. आम्ही दुसरीच भिंत सजवत होतो.

स्वतःची याहून मोठी फजिती सांगतो, म्हणजे नकाशा उघडायला तुला विसर पडणार नाही. एका जुन्या नोकरीत आमच्या रेणूच्या टोकापुढे घनतेचा एक लांब ढग दिसला. आम्ही तो रेणूच्या शेपटाचा समजून त्यात शेपूट बसवलं आणि त्यावरून तीन महिने चौदा रेणू बनवले. एकही चालला नाही. शेवटी एका नव्याने लागलेल्या मुलीने विचारलं, "सर, हा पीईजी नसेल ना?" पीईजी म्हणजे स्फटिक उगवायला थेंबात घातलेलं पॉलिएथिलीन ग्लायकॉल. तोच होता. ती रचना मीच तपासून पुढे पाठवली होती. त्या दिवसापासून लिगँडची, म्हणजे प्रथिनात बसवलेल्या रेणूची, घनता स्वतः बघितल्याशिवाय मी कोणत्याही चित्रावर बोलत नाही.

आणि तिथवर पोचणंच किती कठीण! कायनेज जिवाणूत बनवलं तर ते स्वतःलाच आणि जिवाणूच्या प्रथिनांना फॉस्फेट चिकटवत सुटतं. कोणाला एक, कोणाला तीन, असं खिचडी माल मिळतो आणि त्याचा स्फटिक होत नाही. म्हणून सोबत फॉस्फेट काढणारं एन्झाइमही त्याच पेशीत बनवायचं, किंवा कीटकपेशींकडे जायचं. मग शेकडो थेंब लटकवायचे आणि वाट बघायची. इथल्या पावसाळ्यात वीज जायची, इनक्युबेटरचं तापमान हलायचं, आणि चांगले वाढलेले स्फटिक सकाळी विरघळलेले असायचे. एकदा सुंदर, धारदार, पाणीदार स्फटिक मिळाला. आनंदाने सुईने टोचला तर कट्टकन आवाज. मीठ! प्रथिनाचा स्फटिक ओल्या साखरेसारखा मऊ चुरतो. चांगले स्फटिक द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून इंदूरला इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर, पाठवायचो. दाबोळीच्या कार्गोतल्या माणसाने धूर सोडणारा तो हंडा बघून विचारलं होतं, "ह्यात सुंगटं (कोळंबी) आहेत?"

रचनेवरून अगदी सुरुवातीपासून घडवलेलं औषध हवं असेल तर वेमुराफेनिब बघ. प्लेक्सिकॉन कंपनीच्या लोकांनी सुमारे २०,००० लहान लहान रेणू घेतले, इतके लहान की ते कोणालाच घट्ट धरू नयेत. ते काही कायनेजांवर चाळले, २३८ निवडून स्फटिकांत घातले, आणि त्यांतून ७-अझाइंडोल हा नऊ अणूंचा तुकडा हिंजला धरून बसलेला सापडला. ताकद नगण्य, पण बसण्याची रीत स्वच्छ. तिथून एकेक गट जोडत ते बी-राफ या कायनेजच्या ६०० व्या जागी व्हॅलिनचं ग्लुटामेट झालेल्या रूपापर्यंत पोचले. मेलानोमावर २०११ मध्ये मान्यता. तुझ्या गार्सिनॉलच्या बरोबर उलटी वाट: लहानातून मोठं, आणि प्रत्येक पावलाला फोटो. तरीही फोटोत न दिसलेलं समोर आलंच. ज्या पेशींत बी-राफ निरोगी आणि त्याला निरोप देणारं रास हे प्रथिन बिघडलेलं, तिथे हेच औषध निरोप थांबवायच्या ऐवजी वाढवतं. राफ जोडीने काम करतं. एकाच्या खोलीत औषध बसलं की जोडीदार चेततो. काही रुग्णांना उपचार चालू असतानाच त्वचेवर वेगळे ट्यूमर आले ते यामुळे.

दहा-बारा वर्षांचा हिशेब इथे लागतो. रचना सांगते रेणू कुठे आणि कसा बसतो. पोटातून रक्तात जाईल का, यकृत त्याला तासाभरात फोडेल का, हृदयाच्या पोटॅशियम वाहिनीला अडकेल का, उरलेल्या ५१७ कायनेजांपैकी कितींना त्रास देईल, यावर ती जवळपास गप्प असते. एन्झाइमच्या चाचणीत एटीपी मायक्रोमोलरमध्ये असतो, पेशीत मिलिमोलरमध्ये. तिथेच निम्मे रेणू गळतात. उरलेली वर्षं माणसांवरच्या चाचण्यांची, आणि ती घाईने करायची नसतात.

जाता जाता एक गोंधळ मिटवतो, कारण तोंडी परीक्षेला विचारतात. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने इमॅटिनिबच्या पेटंटचा निकाल दिला. त्यातलं 'बीटा स्फटिकरूप' म्हणजे गोळीतल्या औषधाच्या भुकटीचा स्फटिक. प्रथिनाच्या स्फटिकाशी त्याचा काही संबंध नाही. नुसतं नवं स्फटिकरूप आणलं म्हणून औषधाचा गुण वाढला असं होत नाही, असा पेटंट कायद्यातल्या कलम ३(ड) चा रोख होता, आणि पेटंट नाकारलं गेलं.

अल्फाफोल्ड, म्हणजे संगणकाने प्रथिनाची रचना भाकित करणारा प्रोग्राम, वापरू का, असंही विचारशील. वापर, पण कायनेजांच्या बाबतीत ते बहुधा तुला एकच पवित्रा देईल, बराचसा चालू अवस्थेतला, आणि मधल्या पाण्याविना. भरतीचा फोटोच, फक्त हाताने काढलेला.

आता भिरंडाचं. गार्सिनॉल टाकाऊ नाही. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातल्या गटाने २००४ मध्ये दाखवलं की ते हिस्टोन ॲसिटिलट्रान्सफरेज अडवतं, म्हणजे कायनेजांहून अगदी वेगळं एन्झाइम. यावर खूश होऊ नकोस, सावध हो. त्यात कॅटेकोल नावाचा अणुगट आहे, तो लोखंडाला धरतो, ऑक्सिजनबरोबर पेरॉक्साइड करतो, आणि बाकी अंग इतकं तेलकट की पाण्यात त्याचे गोळे होतात. असे गोळे वाटेल त्या एन्झाइमला गुंडाळून अडवतात, आणि आपल्याला वाटतं औषध सापडलं. म्हणून क्रम असा लाव. आधी एर्लोटिनिब १एम१७ मधून काढ आणि परत डॉक कर. दोन अँगस्ट्रॉमच्या आत मूळ जागी आलं नाही तर पुढे जाऊच नकोस. मग ते पाणी ठेवून आणि काढून, दोन्ही तऱ्हांनी कर. मग लॅपॅटिनिब दोन्ही फायलींत घालून दोन निकाल शेजारी मांड. हा तक्ताच तुझ्या प्रकल्पाचं खरं काम होईल. त्यावर शोधनिबंध लिहिला तरी मला आवडेल, गाईडनाही सांग. गार्सिनॉलसाठी कोणाकडे तरी एन्झाइम चाचणी करून घे, एकदा साधी आणि एकदा ०.०१ टक्का ट्रायटन (साबणासारखं द्रव्य, गोळे फोडतं) घालून, शेजारी एर्लोटिनिब ठेवून. ट्रायटन घातल्यावर परिणाम नाहीसा झाला तर ते गोळेच होते.

परिणाम टिकला, तर स्फटिकाचं बोलू. तोवर डॉकिंगच्या सगळ्या फायली घेऊन एखाद्या रविवारी फोंड्याला ये. लॅपटॉप चार्ज करून आण, आमच्याकडे दुपारी वीज जाते. १एम१७ चा नकाशा उघडू आणि आधी ते ७६६ कुठे आहे ते शोधू.